हळदीचा डोळा आणि पेशीची योग्यता

हिंगोली जिल्ह्यातील वसमत परिसरात हळद काढल्यावर शेतकरी तिचे दोन वाटे करतो. एक वाटा शिजवून, वाळवून बाजारात जातो; दुसरा बेणे म्हणून कच्चाच राखला जातो. हळदीची लागवड बियांनी होत नाही. बेण्यावरील डोळा ओल लागताच जागा होतो आणि त्या एका डोळ्यातूनच खोड, पान, मूळ व नवा कंद निपजतो. शिजवलेले हळकुंड मात्र जमिनीत पुरले तर कुजते, फुटत नाही. यावरून प्रश्न उद्भवतो : वस्तूने एक रूप धारण केले म्हणजे इतर रूपांची तिची योग्यता नष्ट होते, की केवळ झाकली जाते?

देहाचाही आरंभ एकाच पेशीपासून होतो. गर्भातील आरंभीच्या पेशींस देहातील कोणतीही पेशी होता येते. पुढे शेजारच्या पेशींच्या संकेतांनी काही जनुके जागी राहतात, काही मिटतात. आणि कोणी मज्जापेशी, कोणी स्नायुपेशी, कोणी यकृतपेशी होते. तरी बहुतेक सर्वांजवळ पोथी एकच असते. उघडलेली पाने तेवढी निराळी.

याचे प्रमाण प्रयोगाने मिळाले. १९६२ साली जॉन गर्डन यांनी बेडूकमाशाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घातले, आणि त्यातून नवे बेडूकमासे वाढले. २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेसारख्या घडलेल्या पेशींत चार जनुके घालून त्यांना आद्य अवस्थेसारख्या स्थितीत परत नेले. दोघांना २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९७८ साली हळदीच्या कोंबांपासून काचपात्रात रोपे वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली. अपवादही आहे : माणसाची पक्व तांबडी रक्तपेशी आपले केंद्रकच टाकून देते. तिची पोथीच गेली. ती परतत नाही.

परंतु याला दुसरी बाजू आहे. यामानाकांच्या चार जनुकांपैकी एक कर्करोगाशी संबंधित होते. आद्य अवस्थेतील पेशी तशीच देहात सोडली, तर तिची गाठ होऊ शकते. म्हणून निर्बंध सुटलेली योग्यता हे कल्याण नव्हे. योग्य संकेत आणि मर्यादा लाभली तरच ती अंग होते.

दृष्टान्ताची सीमा ओळखावी. पेशी जड आहे, जीव चेतन आहे. एकावरून दुसऱ्याचे स्वरूप सिद्ध होत नाही. दार्ष्टान्तिक इतकेच : व्यसनात वर्षे घालविलेल्या तरुणास किंवा उतारवयात प्रथम अक्षर गिरविणाऱ्या बाईस 'आता काय बदलणार?' असे म्हणणारा, झाकलेल्यास नष्ट समजतो. उलट 'माझ्यात सर्व शक्ती आहे' एवढ्यावर संतुष्ट राहणारा मर्यादेवाचून गाठच वाढवितो.

आणि तिसराही धोका आहे. डोळा निजला आहे की मेला, हे वरून पाहून नेहमी कळत नाही. म्हणून शहाणा शेतकरी बेण्याला आच लागू देत नाही. कठोर शब्दही आचच आहे. ज्याची योग्यता नष्ट झाली असे वाटते, त्याला शिजविणारा आपणच नाही ना, हे निर्णय देणाऱ्याने आधी तपासावे.