गुरूंच्या शिक्षणाची परीक्षा

उत्तम वैद्य तो उत्तम अध्यापक असणारच, ही समजूत वैद्यकात फार दिवस निर्वेध चालली. तिला पहिला मोठा धक्का १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो विद्यापीठात बसला. तेथे जॉर्ज मिलर यांनी वैद्यकाच्या अध्यापकांस शिक्षणशास्त्रज्ञांच्या शेजारी बसविले. आपल्या देशात १९७० नंतरच्या दशकात पाँडिचेरीच्या जिपमर संस्थेत अध्यापकांच्या शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र निघाले, आणि पुढे असे वर्ग वैद्यकाच्या अध्यापकांस सक्तीचेही झाले. सक्ती आली म्हणजे हिशेब मागण्याचा अधिकारही येतो. या वर्गांनी शिकविणे खरोखर सुधारते काय?

याचे उत्तर बहुधा वर्ग संपताच भरून घेतलेल्या अभिप्रायांत शोधले जाते. लाभ झाला, असे अध्यापक लिहितात. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु समाधान ही ज्ञानाची पावती नव्हे. अमेरिकेत एका नटास ‘डॉक्टर फॉक्स’ म्हणून उभे करून वैद्यकशिक्षणावर मुद्दाम निरर्थक व्याख्यान देवविले, तेव्हा सुशिक्षित श्रोत्यांनीही ते वाखाणले. हा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. पुढे २००६ साली ५३ अभ्यासांचा एक साक्षेपी आढावा निघाला. त्यात अध्यापकांचे समाधान भरपूर आढळले, आपल्यात बदल झाल्याची त्यांची स्वतःची ग्वाहीही आढळली; शिष्यांस काय लाभले हे दाखविणारे अभ्यास मात्र थोडेच होते.

मग हे वर्ग बंद करावे काय? आम्ही तसे म्हणत नाही. पुरावा अपुरा असणे आणि गुण नसणे या भिन्न गोष्टी आहेत. शिष्य घडतो तो ग्रंथ, सोबती, रोगी आणि अनेक गुरू यांच्या योगाने. त्यातून एका वर्गाचा वाटा निवडून काढणे खरोखरच कठीण आहे. परंतु कठीण म्हणून ते सोडून देणे वैद्यास शोभत नाही. चार रोग्यांस बरे वाटले, एवढ्यावर तो नवे औषध स्वीकारीत नाही. मग स्वतःच्या अध्यापनापुरती त्याने श्रद्धा पुरेशी का मानावी?

आमच्या मते खरी परीक्षा रोग्याच्या खाटेशी व्हावी. वर्गास जाण्यापूर्वी आणि नंतर काही महिन्यांनी अध्यापक शिकवीत असता त्रयस्थाने पाहावे. त्याचे शिष्य रोग्यास प्रश्न कसे विचारतात, त्यास कसे तपासतात, हेही पाहावे. आणि ज्या अध्यापकास रोग्यांच्या गर्दीतून शिकविण्यास घटकाभरही मिळत नाही, त्याच्या हाती प्रमाणपत्र देऊन आपले कर्तव्य झाले, असे महाविद्यालयाने समजू नये. न शिकविल्याचे मोल अध्यापक देत नाही, शिष्यही फारसे देत नाही. ते रोगी देतो, आणि अभिप्राय मात्र त्याला कोणी विचारीत नाही.