ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का?

इंग्रजीत 'अ' म्हणावे की 'द', हे शाळेत नियमांनी शिकवतात. सूर्य एकच, म्हणून 'द सन'. टोपलीतला कुठलाही आंबा, म्हणून 'अ मँगो'. नियम पाठ होतात, तरी बोलताना जीभ अडखळते. कारण 'द' म्हणण्याआधी समोरच्याच्या मनात डोकवावे लागते. मी कशाबद्दल बोलतो आहे, हे त्याला कळेल का? कळणार असेल तर 'द', नाहीतर 'अ'.

मराठीत 'अ', 'द' अशी उपपदे नाहीत, पण ही जाण आहे. 'एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' राजा पहिल्यांदा भेटतो तेव्हा 'एक' असतो. ओळख झाली की 'तो' होतो.

एवढ्याशा उपपदाचे वजन किती, ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत दिसले. इस्रायल आणि अरब देशांमधल्या जून १९६७च्या युद्धानंतर, २२ नोव्हेंबरला परिषदेने ठराव क्रमांक २४२ एकमताने संमत केला. युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलने सैन्य मागे घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. इंग्रजी मसुद्यात 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही. म्हणून प्रत्येक प्रदेश सोडण्याचे बंधन नाही, असे इस्रायल म्हणत आले. अरब देशांनी फ्रेंच मसुद्यातल्या 'दे तेरितुआर'वर बोट ठेवले, कारण त्याचा अर्थ 'ते सर्व प्रदेश' असाही होतो. युद्धाने भूमी मिळवणे अमान्य, हे त्याच ठरावाच्या प्रस्तावनेतले तत्त्वही त्यांनी पुढे केले. ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅराडन यांनी मांडलेल्या त्या मसुद्यात 'द' जाणूनच घातलेला नव्हता. कोणते प्रदेश, यावर सहमतीच नव्हती. शब्द गाळून ठराव संमत झाला. वाद मात्र पुढच्या पिढ्यांकडे गेला.

'द' बोलणारा आणि ऐकणारा या दोघांच्या सामाईक समजुतीवर उभा राहतो. ती समजूत आधी घडवावी लागते. 'ते काम झालं का?', 'तो विषय मिटवा', असे आपण सहज बोलतो आणि ऐकणारा कोणते काम, कोणता विषय, हे ताडत राहतो. घरात नव्याने आलेली सून, कामावर नुकता रुजू झालेला माणूस, प्रश्न विचारणारे मूल यांना आपल्या डोक्यातले सगळे आधीच ठाऊक असेल, असे धरून चालणे अन्यायाचे आहे. त्यांना न समजल्याचा दोष देण्याआधी आपण नीट सांगितले होते का, हे पाहावे. आज कुणालाही 'ते' म्हणताना क्षणभर थांबू या आणि गरज वाटली तर 'एक'पासून सुरुवात करू या.