पिशवीमागचा माणूस

अमडापूरसारख्या गावात मध्यरात्री एखादी बाळंतीण अडते, रक्तस्राव थांबत नाही, आणि गाडी चिखली-बुलढाण्याच्या वाटेला लागते. तिथं रक्ताची पिशवी हाती येईलही, पण ते रक्त निर्धोक असेल का?

एकेकाळी आपल्या देशात रक्त विकलं जायचं. पोटासाठी, कधी व्यसनापायी विकणारा आपला आजार कशाला सांगेल? एच. डी. शौरींच्या ‘कॉमन कॉज’ या संस्थेनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९६ मध्ये निकाल लागला आणि १ जानेवारी १९९८ पासून हा बाजार बेकायदा ठरला. एका स्वयंसेवी संस्थेचं हे केवढं मोठं काम!

आज प्रत्येक पिशवी एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, सिफिलिस, मलेरिया यांसाठी तपासतात. पण अगदी ताजा संसर्ग चाचणीतूनही निसटू शकतो. म्हणून रक्तपेढीतल्या अर्जावर रक्तदात्यानं आपल्या आजारांविषयी दिलेली खरी उत्तरं मला चाचणीइतकीच मोलाची वाटतात.

रक्त निर्धोक हवं, तसं पुरेसंही हवं. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, रक्ताची चणचण. मंडळी, वय अठराच्या पुढं, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ असेल, तर पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं.