सफ एक, दस्तरखान वेगळे



दिव्य कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमधील तेरावी आयत आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाची आहे. समस्त मानवजात एका पुरुषापासून व एका स्त्रीपासून निर्माण झाली, वंश आणि टोळ्या केवळ परस्परांची ओळख पटावी म्हणून आहेत, आणि अल्लाहजवळ प्रतिष्ठा आहे ती ईशभय बाळगणाऱ्याची, असा तिचा आशय. परंतु तिच्या दोनच आयती आधी, अकराव्या आयतीत, एका समूहाने दुसऱ्याची टिंगल करू नये आणि कोणाला वाईट नावे ठेवू नयेत, अशी ताकीद आहे. तेरावी आयत आपण व्यासपीठावरून ऐकवतो. अकरावी घरात बसून मोडतो.

अमेरिकेतील वर्णभेदाचा विषय निघाला की आपण मोठ्या समाधानाने सांगतो, इस्लाममध्ये हे नाही. इस्लाममध्ये नाही, हे निःसंशय सत्य आहे. मुसलमानांमध्ये नाही काय, हा प्रश्न वेगळा आहे.

त्या देशात 1964 च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा उघड भेद बंद केला. रोजच्या व्यवहारातला भेद मात्र गेला नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन व शिकागो येथील नोकऱ्यांसाठी एकसारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले गेले, फक्त नावे बदलून. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणे आले, तर कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला त्यासाठी पंधरा अर्ज करावे लागले. कृष्णवर्णीय आई-वडील मुलाला गाडी चालवायला शिकवतात तेव्हा पोलिसाने थांबवल्यास दोन्ही हात दिसतील असे ठेव, खिशाकडे नेऊ नकोस, हेही शिकवतात. नावावरून घर नाकारले जाण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना ही वेदना समजावून सांगण्याची गरज नसावी.

25 मे 2020 रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला, हे साऱ्या जगाने पाहिले. वीस डॉलरची नोट बनावट असल्याच्या संशयावरून ज्या दुकानातून पोलिसांना फोन गेला, ते दुकान एका अरब मुस्लिम कुटुंबाचे होते, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले. त्या कुटुंबावर ठपका ठेवण्याचा येथे हेतू नाही. मालकाने पुढे जाहीरपणे दुःख व्यक्त केले. पण अमेरिकेतील अनेक शहरांत कृष्णवर्णीय वस्तीतील कोपऱ्यावरची दुकाने बाहेरून आलेल्या मुसलमानांच्या हाती आहेत. त्यांतील काहींत दारूही विकली जाते. मालक राहतो दुसऱ्या वस्तीत, जुम्याला जातो दुसऱ्या मशिदीत, आणि आपल्या गिऱ्हाइकांविषयी घरी जे शब्द वापरतो ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. शिकागोत ‘इनर-सिटी मुस्लिम ॲक्शन नेटवर्क’ ही संस्था अशाच दुकानदारांमध्ये काम करते. तिची गरज भासावी, यातच सारे आले.

वस्तुतः त्या भूमीवर इस्लाम आपण नेलेला नाही. पश्चिम आफ्रिकेतील विद्वान उमर इब्न सईद यांना 1807 मध्ये गुलाम म्हणून चार्ल्सटन बंदरात उतरवण्यात आले. 1831 मध्ये त्यांनी अरबीत आत्मवृत्त लिहिले आणि त्याचा आरंभ केला सूरह अल-मुल्कने, म्हणजे सर्व सत्ता अल्लाहच्या हाती आहे असे सांगणाऱ्या सूरहने. माणूस विकत घेणाऱ्या मालकाच्या घरी बसून! आजही अमेरिकेतील दर पाच मुसलमानांमागे सुमारे एक कृष्णवर्णीय आहे. आपल्या डॉक्टर-इंजिनिअरांना जी दारे उघडली ती 1965 च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांनी तुरुंग व लाठ्या सोसून उभ्या केलेल्या चळवळीच्या काळातच झाला. माल्कम एक्स यांना 1964 च्या हजमध्ये सर्व वर्णांचे लोक एकाच ताटात जेवताना दिसले, हा प्रसंग आपण आवडीने सांगतो. त्यांच्याच समाजातील माणूस आज भारतीयांच्या मशिदीत येतो तेव्हा सफमध्ये त्याला जागा मिळते. ईदच्या दावतीला त्याची आठवण राहत नाही.

सहीह बुखारीतील एक घटना येथे मनन करण्याजोगी आहे. हजरत अबू जर गिफारी (रजि.) यांनी रागाच्या भरात एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना बजावले की तुमच्यात अजून अज्ञानकाळ शिल्लक आहे. लक्षात घ्या, हे आरंभीच्या सोबत्यांपैकी एकाला सांगितले गेले. नमाज होती, ईमान होते, आणि तरीही एका शब्दात जाहिलियत निघाली. प्रेषितांनी पुढे शिकवले की हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत; तुम्ही खाता तेच त्यांना खाऊ घाला, नेसता तेच नेसवा. पुढे रबजा येथे अबू जर (रजि.) यांना भेटलेल्या माणसाने पाहिले की त्यांच्या अंगावर जसे वस्त्र आहे तसेच त्यांच्या गुलामाच्या अंगावरही आहे. कारण विचारले, तेव्हा त्यांनी ही सारी हकिकत सांगितली.

खरी परीक्षा निकाहात होते. हजरत जुलैबीब (रजि.) रूपाने साधे, कुळाने अपरिचित. प्रेषितांनी (स.) स्वतः त्यांच्यासाठी एका अन्सारी घरात मागणी घातली, तेव्हा आई नाखूष झाली. मुलीने मात्र विचारले की प्रेषितांचा शब्द तुम्ही परत पाठवणार काय, आणि ती राजी झाली.

रायगड-रत्नागिरीपासून मुंबई-पुण्यापर्यंत आपल्या अनेक घरांतील मुले आज अमेरिकेत आहेत. एखाद्या रात्री मुलगा फोनवर सांगतो, मुलगी नमाजी आहे, शिकलेली आहे, घराणे कृष्णवर्णीय आहे. अशा वेळी ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य ओठांवर येण्याआधी, स्थळ पाहताना जे पाहायला प्रेषितांनी (स.) शिकवले तेच विचारावे: तिचा दीन कसा, वागणूक कशी. उत्तर समाधानाचे असेल तर दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईला आपणच फोन करून सलाम करावा. गोऱ्या सुनेसाठी जाहिरात देणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांनाही ते कळू द्यावे.