नांव आपलें, विश्वास कोणाचा?

भारतीय युद्धांत द्रोणाचार्यांना शस्त्र खालीं ठेवावयास लावणारें धर्मराजाचें वाक्य सर्वांस ठाऊक आहे. अश्वत्थामा नांवाचा हत्ती खरोखरच मेला होता. शब्द खोटा नव्हता. तरी भूमीपासून चार अंगुळें वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणीं जमिनीला टेकला. व्यापारांतील नामसादृश्याचे खटले वाचतांना आम्हांस या कथेची नेहमीं आठवण होते. खरें तेंच सांगूनही मनुष्य असत्य बोलूं शकतो काय, हाच प्रश्न त्यांच्या मुळाशीं असतो.

लंडनच्या बर्जेस नांवाच्या व्यापाऱ्याचा अँकोव्ही माशांचा अर्क प्रसिद्ध होता. पुढें त्याचा मुलगा वेगळा होऊन तोच पदार्थ बर्जेस याच नांवानें विकूं लागला. बापानें न्यायालयांत धांव घेतली. पण १८५३ सालीं निर्णय झाला कीं, कपट नसेल तर मुलास स्वतःचें आडनांव वापरण्याची बंदी करतां येत नाहीं. हें योग्यच झालें. जन्माबरोबर मिळालेलें नांव मनुष्यानें टाकावें कोठें?

आतां दुसरी बाजू पाहूं. रेडवे नांवाचा कारखानदार यंत्रांवर चढवावयाचे पट्टे ‘उंटाच्या केसांचे पट्टे’ म्हणून विकीत असे. बॅनहॅम हा त्याच्याकडील जुना नोकर; त्यानेंही तसेच पट्टे त्याच नांवानें विकावयास काढले. पट्टे उंटाच्या केसांचेच होते. परंतु बाजारांत त्या शब्दांचा अर्थ ‘रेडवेचे पट्टे’ असा रूढ झाला होता. १८९६ सालीं हाऊस ऑफ लॉर्ड्सनें ठरविलें कीं, आपला माल निराळा असल्याचें स्पष्ट सांगितल्यावांचून बॅनहॅमनें ते शब्द वापरूं नयेत.

आपल्याकडील १९९९ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्यांतही हीं दोन्हीं तत्त्वें आहेत. प्रामाणिकपणें स्वतःचें नांव वापरणारास तेथें संरक्षण आहे. आणि चिन्ह नोंदलेलें नसलें तरी, दुसरा आपला माल आपल्या नांवावर खपवीत असेल, तर दाद मागण्याचा मार्गही खुला आहे.

आमच्या मतें या दोहोंत विरोध नाहीं. नांव ज्याचें त्याचें असतें. पण त्या नांवावर बसलेला विश्वास ज्यानें वर्षानुवर्षें चोख माल देऊन मिळविला, त्याचा असतो. आणि त्या विश्वासावर घरखर्चाचे पैसे मोजून देणारा ग्राहक न्यायालयांत पक्षकारही नसतो! आपला खरा शब्द त्याच्या कानीं खोटा होऊन पडतो, हें ज्याला कळलें, त्याच्यावर आणखी एक शब्द बोलण्याचें ऋण चढतें.

तो शब्द धर्मराजही बोलला होता. ‘हत्ती’ असें त्यानें म्हटलें खरें. पण द्रोणांना ऐकूं जाणार नाहीं अशा बेतानें. वेष्टणाच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत छापलेला खुलासा पाहिला कीं, आम्हांस तो रथ पुन्हा जमिनीला टेकतांना दिसतो.