घराच्या ओढीने उडणारा माणूस



मृत भाविकांच्या स्मरणाचा नोव्हेंबर महिना सरला आणि आपण आगमनकाळात पाऊल ठेवले. दफनभूमीतल्या मेणबत्त्या विझल्या, कबरींवरची फुले सुकली. पण ज्यांची नावे आपण महिनाभर पवित्र मिस्सेत घेतली, त्यांची आठवण काही कॅलेंडरचे पान उलटले म्हणून संपत नाही. म्हणून आज आम्ही पुन्हा एकदा मृतांविषयीच बोलणार आहोत.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडीचा विमानतळ सुरू झाला. तेव्हापासून आपल्या शेतांवरून विमाने जाऊ लागली. विमानाचा आवाज आला की धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले खिडकीकडे धावतात, आणि खरे सांगायचे तर आम्हीही मान वर करतो. त्या विमानातल्या माणसांसाठी आपण कधी प्रार्थना करतो का? ख्रिस्तसभा करते. १९२० साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी लोरेटोच्या पवित्र मरियेला वैमानिकांची आश्रयदाती घोषित केले. १० डिसेंबरला तिचा सण असतो. नाझरेथचे घर देवदूतांनी उचलून आणले, ही इटलीतल्या लोरेटोची जुनी परंपरा आहे. वैमानिकांना ही माता का दिली असावी? ज्याचे काम आकाशात, त्याचे मन घरात असते, हे आई जाणते म्हणून, असे आम्हाला वाटते.

या घोषणेच्या शताब्दीनिमित्त २०२० हे वर्ष लोरेटोचे ज्युबिली वर्ष म्हणून पाळले गेले. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्राचा एक वैमानिक देवाघरी गेला. कॅप्टन दीपक साठे, मूळचे नागपूरचे. ते आपल्या धर्माचे नव्हते, पण देवाची लेकरे केवळ आपल्याच रजिस्टरात नोंदलेली असतात असे थोडेच आहे!

साठे १९८१ साली हवाई दलात दाखल झाले. अकादमीत सर्वोत्तम ठरणाऱ्याला मिळणारी मानाची तलवार त्यांनी मिळवली होती. लढाऊ विमाने चालवली, नव्या विमानांची चाचणी घेण्याचे जोखमीचे काम केले आणि २००३ मध्ये निवृत्त झाल्यावर पुढे प्रवासी विमाने हाती घेतली. निवृत्तीनंतर आरामखुर्चीत बसणारा हा माणूस नव्हता. आकाशाचा नाद सुटत नाही म्हणतात, तो असा. स्क्वॅश, टेबल टेनिस, घोडेस्वारी, सगळ्यांत त्यांना रस होता. ते गेल्यावर मित्रमंडळींत हौसेने गाणे म्हणतानाची त्यांची एक जुनी चित्रफीत अनेकांनी पाहिली. गणवेशातल्या कडक अधिकाऱ्यामागे गाणारा, खेळणारा, माणसांत रमणारा माणूस होता. गुजरातच्या पुरात त्यांनी जवानांच्या मुलांना खांद्यावर घेऊन बाहेर काढल्याची आठवण त्यांच्या आईने सांगितली होती.

कोरोनाच्या दिवसांत ते आईला फोन करून बजावत, घराबाहेर पडू नकोस. ८ ऑगस्टला आईचा चौऱ्याऐंशीवा वाढदिवस होता. जमलेच तर अचानक नागपूरला जाऊन तिला चकित करायचे, असा बेत त्यांनी नातलगांना सांगितला होता. ७ ऑगस्टच्या रात्री परदेशात अडकलेल्यांना घरी आणणारे त्यांचे विमान दुबईहून कोझिकोडला आले. पाऊस कोसळत होता. डोंगरमाथ्यावरची धावपट्टी ओलांडून विमान खाली कोसळले आणि त्याचे तुकडे झाले. १९० जणांपैकी २१ दगावले. त्यांत साठे आणि त्यांचे तरुण सहवैमानिक अखिलेश कुमार होते. कोरोनाची भीती बाजूला सारून आसपासचे गावकरी भर पावसात धावले आणि जखमींना मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात नेले. त्या माउलीचा एक मुलगा १९८१ मध्ये सैन्यात असताना अपघातात गेला होता. आता दुसरा गेला. क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियेला हे दुःख समजले असेल.

यापुढची गोष्ट अवघड आहे, पण ती टाळून चालणार नाही. पहिल्या काही दिवसांत लोकांनी साठे यांच्याभोवती शौर्याच्या कथा गुंफल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर चाके टेकली, विमान पुन्हा वर घ्या असे सहवैमानिकाने सांगूनही ते घेतले गेले नाही, असे त्यात म्हटले आहे. व्यवस्थेतल्या उणिवांवरही त्यात बोट ठेवले आहे. मग कालचा वीर काहींच्या तोंडी आज गुन्हेगार झाला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ग्रीक ज्ञानी सोलोन याचे एक मत आम्ही अभ्यासले होते. शेवट पाहिल्याशिवाय कोणाचे आयुष्य सुखाचे म्हणू नये, असे ते मत. ऐकायला पटते. पण शेवटचा एक मिनिट वाईट गेला तर आधीची एकोणसाठ वर्षे खोटी ठरतात काय? ज्या हातांनी हजारो माणसे सुखरूप घरी पोहोचवली, ते हात देव विसरेल काय? शुभवर्तमानात प्रभूने शेवटच्या घटकेचा हिशेब एकदा केला आहे. शेजारच्या क्रुसावरच्या चोराला त्याने त्या घटकेला सुखलोक दिला. प्रभूने ती घटका दयेसाठी वापरली, आणि आपण ती दगड मारायला वापरतो!

म्हणूनच आपण मृतांसाठी प्रार्थना करतो. ते सर्वगुणसंपन्न असते तर मिस्साबलिदानाची गरजच काय होती? आपल्या माणसाची चूक झाकायची नाही, आणि त्या चुकीएवढेच त्याचे मोजमापही करायचे नाही. आपल्या धर्मग्रामात अशी घरे आहेत, जिथे कोणी नगर–मनमाड रस्त्यावर गेला, कोणी दारूने गेला, कोणी भांडण मिटवायच्या आतच गेला. त्या घरांत मृताचे नाव निघाले की सगळे खाली पाहतात. बंधू-भगिनींनो, नाव घ्या. त्याच्या शेवटाबरोबर त्याचे हसणे, त्याने केलेल्या गमती, लेकरांना खांद्यावर घेऊन दाखवलेली हरेगावची यात्रा, हेही मुलांना सांगा.

आणि जिवंतांसाठी एक विनंती. ‘थांबा, पुन्हा वळा’ असे शेजारी बसलेली पत्नी, मुलगा किंवा मित्र म्हणाला, तर ऐका. घरी उशिरा पोहोचलेले चालते. आगमनकाळ म्हणजे तरी दुसरे काय? घराचे दार उघडे ठेवून वाट पाहणे.

येत्या १० डिसेंबरच्या मिस्सेत आपण सर्व मृत वैमानिकांसाठी, आणि आपापल्या घरातल्या त्या न घेतलेल्या नावांसाठी प्रार्थना करू. ती नावे चिठ्ठीवर लिहून आणा आणि वेदीजवळच्या टोपलीत ठेवा. त्या रात्री काकडीकडे उतरणारे विमान दिसले, तर मुलांना घेऊन अंगणात उभे राहा आणि एक ‘नमो मरिया’ म्हणा.

लोरेटोची पवित्र मरिया वाटेवरच्या सर्वांना घरी आणो. आमेन.

आपला धर्मगुरू