पाहणाऱ्याचा वाटा

गेल्या दिवाळीत रायपूरला, आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी, माझा आतेभाऊ आला होता. तो दक्षिणेत एका कंपनीत रडारवर काम करतो. वरिष्ठ अभियंता आहे. नेमके काय करतो ते तो सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. फराळ करताना आजीने मात्र विचारले, "तुझ्या कामाने कुणी मरतं का रे?" तो म्हणाला, "आजी, मी फक्त पाहायचं यंत्र बनवतो." आजी काही बोलली नाही.

रात्री गच्चीवर त्यानेच विषय पुन्हा काढला. तुम्हीही विचार करून पाहा. केवळ पाहणारा कर्मापासून वेगळा राहतो का? 'साक्षीभाव' हा शब्द आपण अशा वेळी फार पटकन वापरतो. अनुवाद करताना मीही वापरला आहे.

१९३५ मध्ये ब्रिटिश सरकारने रॉबर्ट वॉटसन-वॉट यांना विचारले होते, रेडिओलहरींनी मारक किरण तयार करता येईल का? त्यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी गणित मांडले. तसा किरण शक्य नव्हता, पण त्याच लहरींनी दूरचे विमान ओळखता येणार होते. २६ फेब्रुवारीला डॅव्हेंट्रीजवळ तसा प्रयोग यशस्वी झाला. मारक किरण मागितला आणि डोळा मिळाला, हे वाचून मला फार बरे वाटले होते.

मग 'स्वाती'विषयी वाचले. हे रडार डीआरडीओने विकसित केले आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवले. मार्च २०१७ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी ते लष्कराकडे सोपवले. शत्रूचा गोळा हवेत असतानाच ते त्याचा मार्ग टिपते आणि त्या मार्गावरून उलट मागे जात तोफेची जागा शोधते. मग आपल्या तोफा त्या जागेवर वळतात. डोळा आणि हात यांच्यात अंतर उरले ते एवढेच. 'मी फक्त वह्या लिहितो' म्हणणाऱ्या मुनिमाला आम्ही कॉमर्सवाले तरी सोडत नाही.

तरी त्याने नोकरी सोडावी, असे मला वाटत नाही. सीमेपलीकडून गोळे येतच राहतील आणि खुर्चीवर दुसरा कुणी बसेल. मला खटकतो तो त्याचा 'फक्त'.

कारण निर्णय तोही घेतो. परत येणारी लहर अतिशय क्षीण असते. तिच्यातली कोणती खूण खरी मानायची, ती सीमा माणूस ठरवतो. सीमा सैल ठेवली तर पक्षी आणि पाऊसही शत्रू ठरतात. आवळली तर खरा गोळा निसटतो आणि आपला जवान जातो. तीस किलोमीटरवर कोनात एक दशांश अंशाची चूक झाली, तर जमिनीवर सुमारे ५२ मीटरचा फरक पडतो. तेवढ्यात एखाद्याचे घर येते.

मध्यंतरी एका चाचणीचे आकडे जुळत नव्हते, म्हणून त्याने अहवालावर सही केली नाही. वरिष्ठ नाराज झाले, काम लांबले. हे त्याने असे सांगितले, जणू त्याचा आजीच्या प्रश्नाशी काही संबंधच नव्हता.

निघताना तो आजीच्या पाया पडला आणि म्हणाला, "परवा मी अर्धंच उत्तर दिलं."

"ठाऊक आहे," आजी म्हणाली. "लाडू वरच्या पिशवीत ठेवलेत."